तत्त्वज्ञ ‘नसलेल्या’ भाषेतले तत्त्वज्ञान

स्पॅनिश भाषेत एकही कान्ट का झाला नाही?

स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. तत्त्वज्ञानाची आवड असलेले वाचकही विचारतात, आणि माद्रिद, मेक्सिको, ब्वेनोस आयरिस इथली सुशिक्षित माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या तो एकमेकांना विचारत आली आहेत. चाळीस कोटींहून अधिक लोकांची ही मातृभाषा. सर्व्हान्तेस तिचा, बोर्हेस तिचा, नेरुदा आणि मार्केस तिचे. पण पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडले की फ्रेंच देकार्त भेटतो, इंग्रज लॉक भेटतो, जर्मन कान्ट आणि हेगेल भेटतात. स्पॅनिश नाव शोधावे लागते. एवढी मोठी भाषा विचारच करत नव्हती, असे कसे म्हणायचे?

या प्रश्नाचा पिच्छा एका माणसाने तीस वर्षे पुरवला. होसे गाओस हे त्यांचे नाव. जन्माने स्पॅनिश, कर्तृत्वाने बरेचसे मेक्सिकन, पेशाने शिक्षक. त्यांनी या प्रश्नाला थेट उत्तर दिले नाही. आपण शोधतो आहोत तो विचार नेमका कुठे ठेवलेला आहे, हे आधी पाहू, असे ते म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहिले की एका भाषेचा वैचारिक इतिहास कसा उभा करायचा असतो, हे टप्प्याटप्प्याने समजते.

१. आधी निबंध म्हणजे काय, ते पाहू

निबंध म्हटले की आपल्याला शाळेतली वही आठवते. इथला निबंध वेगळा. १५८० मध्ये फ्रान्समध्ये माँतेन याने ‘एसे’ नावाने आपले लेखन छापले, तेव्हापासून या प्रकाराला नाव मिळाले. एक माणूस एका विषयावर मोकळेपणाने विचार करतो, स्वतःचा अनुभव साक्षीला काढतो, शंका घेतो, वळण घेतो आणि वाचकाला सोबत नेतो. सगळे विश्व एका सूत्रात बसवण्याचा दावा त्यात नसतो.

तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांना मात्र असाच दावा करणारे ग्रंथ आवडतात. आधी व्याख्या, मग सिद्धांत, मग त्यातून निघणारे निष्कर्ष, असा सगळा डोलारा. त्याला ‘दर्शनपद्धती’ म्हणू. स्पॅनिश भाषेत अशा पद्धती फार थोड्या. पण निबंध किती आहेत, हे पाहिले तर चित्र पालटते.

ओव्हिएदो या उत्तरेकडच्या गावात फेइहो नावाचे एक बेनेडिक्टाइन संन्यासी राहत. १७२६ पासून त्यांनी एकामागून एक खंड काढले. धूमकेतू आणि ग्रहणे खरेच अनिष्ट असतात का? वैद्यांवर किती विश्वास ठेवावा? बायकांची बुद्धी पुरुषांपेक्षा कमी असते हे कुणी ठरवले? हा शेवटचा प्रश्न त्यांनी पहिल्याच खंडात विचारला आणि कमी नसते असे ठामपणे सांगितले. पुढे १८४५ मध्ये अर्जेंटिनाचे सार्मिएन्तो चिलीत परागंदा असताना तिथल्या वर्तमानपत्रात ‘फाकुंदो’ हे पुस्तक क्रमशः छापत होते. एका बंडखोर सरदाराचे चरित्र म्हणून सुरू झालेले ते लेखन हुकूमशाही कुठल्या मातीत उगवते याचा शोध घेते. पुढे हेच सार्मिएन्तो अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १८९१ मध्ये क्यूबाचे होसे मार्ती यांनी ‘आमची अमेरिका’ हा अवघ्या काही पानांचा निबंध न्यूयॉर्क आणि मेक्सिकोच्या नियतकालिकांत छापला. युरोपातून उसनी आणलेली राज्यपद्धती इथल्या माणसांना लागू पडेल का, हा त्याचा विषय. १९०० मध्ये उरुग्वेच्या रोदो यांचे ‘आरिएल’ आले. एका गुरुजींचे वर्गाला निरोपाचे भाषण, असा त्याचा घाट. आणि ओर्तेगा इ गासेत यांचे ‘जनसामान्यांचा उठाव’ हे युरोपभर गाजलेले पुस्तक १९३० मध्ये ग्रंथरूपात येण्याआधी ‘एल सोल’ या दैनिकातले लेख म्हणून वाचकांच्या हाती पडले होते.

वर्तमानपत्र, पत्र, भाषण, वर्गातले बोलणे. स्पॅनिश विचार या ठिकाणी राहत होता. मात्र विद्यापीठातले लोक या पत्त्यावर जात नव्हते, कारण तिथे ‘साहित्य’ अशी पाटी होती.

२. बदलणाऱ्या सत्यांचा विद्यार्थी

गाओस यांचा जन्म २६ डिसेंबर १९०० रोजी हिहोन इथे झाला. बालपण गेले जवळच्या ओव्हिएदोत, आजोळी. फेइहो जिथे आयुष्यभर लिहीत बसले, तेच हे गाव. तिथे किशोरवयात त्यांच्या हाती बाल्मेस या पाद्र्याचे तत्त्वज्ञानाचे एक जुने पाठ्यपुस्तक पडले आणि त्यातला तत्त्वज्ञानाचा इतिहास वाचून हा मुलगा चक्रावला. प्रत्येक तत्त्वज्ञ म्हणतो सत्य मला सापडले, आणि प्रत्येकाचे सत्य दुसऱ्याचे खोडून काढते. मग खरे कुणाचे? ही शंका त्यांना मरेपर्यंत सोडून गेली नाही.

माद्रिद विद्यापीठात तिला आणखी खतपाणी मिळाले. तिथे गार्सिया मोरेन्ते, सुबिरी आणि ओर्तेगा असे तीन असामान्य शिक्षक होते. जर्मनीत जे नवे निघेल ते माद्रिदला लगेच पोचावे, ही ओर्तेगांची धडपड. त्यामुळे गाओस यांच्या डोळ्यांदेखत सत्ये बदलत गेली. आधी नवकान्टवाद हेच तत्त्वज्ञान असे वाटले, मग हुसर्ल, मग मूल्यांचे तत्त्वज्ञान, मग हायडेगर. हुसर्लवरच प्रबंध लिहून ते १९२८ मध्ये डॉक्टर झाले, १९३० मध्ये सारागोसा विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि काही वर्षांतच माद्रिदला परतले. ओर्तेगांच्या इतके निकट राहिले, की एखादा विचार आपला की गुरूंचा हे आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आत्मवृत्तात दिली. ते १९५८ चे पुस्तक, ‘व्यवसायाची कबुली’ अशा अर्थाच्या नावाचे, आजही वाचनीय आहे. तत्त्वज्ञानाचा शिक्षक तत्त्वज्ञानावर विश्वास गमावत जातो आणि तरीही शिकवत राहतो, याचे इतके प्रामाणिक वर्णन क्वचितच कुणी केले असेल.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. समाजवादी पक्षाचे सदस्य असलेले गाओस प्रजासत्ताकाच्या बाजूने उभे राहिले आणि ऐन युद्धात माद्रिद विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनातल्या स्पॅनिश दालनाचे ते आयुक्त होते. पिकासोचे ‘गेर्निका’ जगाने पहिल्यांदा पाहिले ते याच दालनात.

ओर्तेगांनी मात्र या युद्धात कुठल्याही बाजूने जाहीरपणे उभे राहण्याचे टाळले. गुरु-शिष्यांमधले अंतर तिथून वाढत गेले. गाओस यांनी राजकारणात गुरूची वाट सोडली, पण गुरूची एक कल्पना सोबत घेतली. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ती आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

३. ओर्तेगांची ‘परिस्थिती’

१९१४ साली ‘डॉन किहोतेविषयी चिंतन’ या पुस्तकात ओर्तेगांनी मांडले, की माणूस आणि त्याच्या भोवतालची परिस्थिती वेगळी काढता येत नाही. परिस्थिती म्हणजे केवळ हवामान आणि भूगोल नव्हे. आपला काळ, आपली भाषा, आपल्या आधीच्यांनी सोडून दिलेल्या अडचणी, आपल्या हातातली साधने, हे सगळे तिच्यात येते.

गाओस यांनी ही गोष्ट विचारांच्या इतिहासाला लावली. कुठलाही विचार हा कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अडचणीला दिलेला प्रतिसाद असतो. तो तेवढाच उचलून वाचला तर काय होते? उत्तरपत्रिका हाती आहे आणि प्रश्नपत्रिका हरवली आहे, असे होते. उत्तर शुद्ध आहे की अशुद्ध एवढे सांगता येईल. ते बरोबर आहे की नाही, आणि लिहिणाऱ्याने त्यात किती डोके वापरले, हे सांगता येणार नाही.

यातून इतिहासाचे दोन प्रकार वेगळे होतात. तत्त्वज्ञानाचा इतिहास मोठ्या पद्धतींचा क्रम लावतो: याने अमुक म्हटले, त्याने त्याचे खंडन केले. कल्पनांचा इतिहास विचारतो की ही कल्पना कुणाच्या कामाला आली, कुणाच्या विरुद्ध वापरली गेली, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिच्यात काय बदलले. पहिल्या इतिहासात मेक्सिकोला जागा नाही. दुसऱ्यात मात्र मेक्सिको, पेरू, क्यूबा हे देश अतिशय समृद्ध ठरतात, कारण तिथे कल्पना सतत उतरत होत्या, झगडत होत्या आणि रूप पालटत होत्या.

४. एका देशातून त्याच भाषेच्या दुसऱ्या देशात

१९३८ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी युद्धात सापडलेल्या स्पॅनिश विद्वानांसाठी ‘कासा दे एस्पान्या’ ही संस्था काढली. कल्पना दानिएल कोसिओ व्हियेगास या अर्थशास्त्रज्ञाची. पुढे तिचे नेतृत्व आल्फोन्सो रेयेस या थोर निबंधकाराने केले. १९४० मध्ये तिचेच ‘एल कोलेहिओ दे मेक्सिको’ झाले आणि आज ती लॅटिन अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या संशोधन संस्थांपैकी एक आहे. युद्धानंतर सुमारे वीस हजार स्पॅनिश निर्वासितांना मेक्सिकोने आश्रय दिला. गाओस आधीच, १९३८ च्या उन्हाळ्यात, पहिल्या तुकडीत येऊन पोचले होते.

आपण हद्दपार झालो आहोत असे त्यांना वाटेना. भाषा तीच, पुस्तके तीच, वाद तेच. म्हणून त्यांनी स्वतःसाठी ‘त्रान्सतेर्रादो’ असा नवा शब्द घडवला: एका मातीतून निघून दुसऱ्या आपल्याच मातीत आलेला. या शब्दावर त्यांच्याच बरोबरच्या निर्वासितांनी आक्षेप घेतला. मार्क्सवादी तत्त्वज्ञ आदोल्फो सान्चेस वास्केस म्हणत, की निर्वासिताची मुळे तुटलेली असतात आणि गोड शब्दाने ती जोडली जात नाहीत. ही तक्रार रास्त होती. नोकरी, वर्ग आणि मानाची जागा मिळालेल्या प्राध्यापकाला जे वाटले, ते प्रत्येक निर्वासिताला वाटणे शक्य नव्हते. पण गाओस यांच्या बाबतीत तो शब्द खरा ठरला. त्यांनी मेक्सिकन नागरिकत्व घेतले आणि पुन्हा स्पेनमध्ये राहायला ते गेले नाहीत.

या स्थलांतराने त्यांना एक मोठी दृष्टी दिली. स्पेनमध्ये बसून पाहिले की स्पेन मध्यभागी आणि अमेरिकेतले देश कडेला दिसतात. मेक्सिकोतून त्यांना दिसले, की अठराव्या शतकापासून दोन्हीकडचे विचारवंत एकच लढाई लढत आहेत; जुन्या साम्राज्याच्या ओझ्यातून, त्याच्या धर्मसत्तेतून आणि राजसत्तेतून सुटण्याची लढाई. अमेरिकेतले देश एकेक करून मोकळे झाले. या हिशेबाने स्पेन ही स्वतःचीच शेवटची वसाहत उरली, जिला अजून स्वतंत्र व्हायचे आहे. यादवी युद्ध जिंकून स्पेनमध्ये सत्तेवर आलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत हे लिहिण्याला काय अर्थ होता, ते सांगायला नको.

५. तारखात्यातला विद्यार्थी

आता कल्पनांच्या इतिहासाचे एक उदाहरण सविस्तर पाहू.

गाओस यांच्या वर्गात लेओपोल्दो सेआ नावाचे एक तरुण होते. रात्री तारखात्यात नोकरी, दिवसा कायद्याचे आणि तत्त्वज्ञानाचे वर्ग. त्यांचा एक निबंध वाचून गाओस थबकले. या मुलाने सगळा वेळ अभ्यासाला द्यायला हवा, असे त्यांनी संस्थेला सांगितले आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. अट एवढीच की नोकरी सोडायची. सेआ यांना ग्रीक सोफिस्टांवर प्रबंध लिहायचा होता. गाओस यांनी त्यांना परावृत्त केले. ग्रीकांवर लिहिणारे युरोपात पुष्कळ आहेत, त्यांच्याजवळ ग्रंथालये आहेत. तुम्ही असा विषय घ्या, जो इथे बसूनच नीट करता येईल: मेक्सिकोतला प्रत्यक्षार्थवाद.

प्रत्यक्षार्थवाद हे फ्रेंच विचारवंत ऑगस्त कोंत यांचे तत्त्वज्ञान. मानवजात तीन अवस्थांतून जाते, असे ते सांगते. आधी देवाधर्माच्या आधारे जगाचा उलगडा करायचा, मग अमूर्त तत्त्वांच्या आधारे, आणि शेवटी निरीक्षण व विज्ञानाच्या आधारे. पाठ्यपुस्तकात या सिद्धांताचे पान फ्रान्सपाशी संपते. मेक्सिकोत काही लोक ‘कोंतवादी’ होते, एवढी एक ओळ पुढे जोडली की झाले.

सेआ यांनी ती एक ओळ उघडून पाहिली. जून १८६७ मध्ये मेक्सिकोवर फ्रेंचांनी लादलेला सम्राट मॅक्सिमिलियन याला गोळ्या घालण्यात आल्या आणि बेनितो हुआरेस यांचे प्रजासत्ताक परत आले. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनी, ग्वानाहुआतो इथे गाबिनो बार्रेदा नावाच्या डॉक्टरांनी भाषण केले. बार्रेदांनी पॅरिसमध्ये प्रत्यक्ष कोंत यांची व्याख्याने ऐकली होती. त्या भाषणात त्यांनी कोंतच्या तीन अवस्था मेक्सिकोच्या इतिहासावर बसवल्या. पहिली अवस्था म्हणजे चर्चच्या हातातली वसाहत, दुसरी म्हणजे अर्धशतकाचा उदारमतवाद्यांचा झगडा, आणि तिसरी आता सुरू होते आहे, विज्ञानाच्या शिक्षणाने. गंमत अशी, की कोंत ज्या फ्रान्सचे, त्याच फ्रान्सच्या फौजांचा पराभव इथे मानवी प्रगतीचा विजय ठरला होता!

पुढचा बदल आणखी बारीक आहे. प्रेम, सुव्यवस्था आणि प्रगती हे कोंतचे त्रिसूत्र होते. बार्रेदांनी ‘प्रेम’ काढून तिथे ‘स्वातंत्र्य’ घातले. का? कारण ज्या उदारमतवाद्यांनी लढाई जिंकली होती, त्यांचा हा प्राणप्रिय शब्द होता. तो वगळून मेक्सिकोत कुणालाही पुढे जाता आले नसते. लवकरच हुआरेस यांच्या सरकारने राष्ट्रीय पूर्वतयारी विद्यालय स्थापले आणि त्याची सूत्रे बार्रेदांकडे दिली. त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पिढीतले अनेक जण पुढे पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ एकाधिकारशाहीचे सल्लागार बनले. ‘सिएन्तिफिकोस’, म्हणजे शास्त्रीय मंडळी, असे लोक त्यांना म्हणत. तोवर त्रिसूत्रातले स्वातंत्र्य मागे पडले आणि सुव्यवस्था पुढे आली होती. एका वाढत्या धनिक वर्गाला आपली सत्ता ‘विज्ञानसिद्ध’ म्हणून मिरवता येऊ लागली.

फ्रेंच सिद्धांत तोच, पण मेक्सिकोत त्याने वेगळे काम केले. सेआ यांचे हे संशोधन १९४३ आणि १९४४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. मेक्सिकोत विचाराची नुसती नक्कल झाली असे म्हणणाऱ्यांना आता ती नक्कल कशी झाली, कुणी केली आणि तिच्यात काय काय बदलले, हे आधी वाचावे लागणार होते.

६. जप्त पुस्तकांची वाट

सेआ हे गाजलेले नाव, पण गाओस यांचे मोठेपण त्यांच्या चर्चासत्रात एकूण जे घडले त्यात आहे. स्पॅनिश भाषक देशांतल्या विचारांच्या अभ्यासाचे हे सत्र कोलेहिओमध्ये वर्षानुवर्षे चालले. रीत साधी होती. प्रत्येकाने एक लहान, नेमका विषय घ्यायचा. मूळ कागद वाचायचे; त्यांच्यावर इतरांनी काय लिहिले ते नंतर. मग प्रकरण लिहून सर्वांसमोर मांडायचे. गाओस वाक्यावाक्याला थांबवत.

प्युर्टो रिकोहून आलेल्या मोनेलिसा पेरेस-मार्शांद यांनी अठराव्या शतकातल्या मेक्सिकोचा विचार शोधण्यासाठी धर्मन्यायालयाची, म्हणजे इन्क्विझिशनची, दप्तरे हाती घेतली. ही कल्पना विलक्षण होती. त्या काळात लोक बंदी असलेली फ्रेंच पुस्तके वाचत. पण आपण ती वाचतो असे कोण लिहून ठेवणार? ती नोंद ठेवली दडपणाऱ्यांनीच. कुणाच्या घरी काय सापडले, कुणी काय बोलल्याची तक्रार आली, सेन्सॉरने कुठल्या ओळीला का हरकत घेतली, हे सगळे त्या दप्तरांत होते. छळासाठी जमवलेल्या कागदांतून वाचकांचा इतिहास बाहेर आला. त्यांचे पुस्तक १९४५ मध्ये निघाले.

व्हिक्टोरिया हुन्को यांनी दियास दे गामार्रा या मेक्सिकन पाद्र्याचा अभ्यास केला. याने १७७४ मध्ये लॅटिनमध्ये आधुनिक तत्त्वज्ञानाचे पाठ्यपुस्तक लिहून देकार्तनंतरचे विचार वर्गात आणले. तो सर्वसंग्राहक होता: जुन्यातले टिकणारे ठेवायचे, नव्यातले पटणारे घ्यायचे, आणि कुणाही एका गुरूचा शिक्का लावून घ्यायचा नाही. ओल्गा किरोस-मार्तिनेस यांनी हाच प्रवास स्पेनमध्ये शोधला, कार्मेन रोव्हिरा यांनी पोर्तुगालमध्ये. बार्सिलोनात जन्मलेल्या लुईस व्हियोरो यांनी १९५० मध्ये, विजेता कोर्तेसपासून थेट विसाव्या शतकापर्यंत, मेक्सिकोने आपल्या मूळनिवासींकडे कोणकोणत्या नजरेने पाहिले याचा शोध मांडला. हे पुस्तक तर आजही मेक्सिकोत अभ्यासाला लावले जाते. कोस्टा रिकाच्या व्हेरा यामुनी यांनी स्पॅनिश निबंधकार संकल्पना आणि प्रतिमा यांची सांगड कशी घालतात, हेच तपासले.

या यादीत स्त्रिया किती आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. १९४० च्या दशकातल्या तत्त्वज्ञानाच्या विभागांत हे कुठेही सर्रास नव्हते.

७. निबंधकारांचा संग्रह

१९४५ मध्ये गाओस यांनी आधुनिक काळातल्या स्पॅनिश भाषेतल्या विचारांचा एक जाडजूड संग्रह संपादित केला. त्यात फेइहो आहेत, स्वातंत्र्यसेनानी सिमोन बोलिव्हार आहेत, मार्ती आहेत, उनामुनो आहेत. सेनापती, पत्रकार, संन्यासी, प्राध्यापक, सगळे एका पुठ्ठ्यात आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचे. विद्यापीठातल्या तत्त्वज्ञांना हा धक्काच होता.

त्याच सुमारास लिहिलेल्या निबंधांत त्यांनी या विचाराची लक्षणे सांगितली. हा विचार परलोकात फारसा रमत नाही. त्याला या जगातले प्रश्न हवेत. तो राजकीय आहे, कारण देश घडवायचे होते. तो शिक्षकी आहे, कारण वाचणारा समाज घडवायचा होता. आणि तो सौंदर्यदृष्टी सोडत नाही, चांगले लिहिणे हा त्याला विचाराचाच भाग वाटतो. म्हणूनच त्याचे रूप निबंधाचे, लेखाचे, भाषणाचे. अशा माणसाला स्पॅनिशमध्ये ‘पेन्सादोर’, विचारवंत, म्हणतात. गाओस म्हणाले, की विचारवंताला तत्त्वज्ञाच्या खालची पायरी समजू नका. तो वेगळे काम करतो आणि त्याचे माप वेगळे आहे.

त्यांच्या सबंध कारकिर्दीतला हा सर्वांत मोलाचा निर्णय. यामुळे प्रश्नाचे टोक फिरले. आपल्याकडे कान्ट का नाही, या हळहळीच्या जागी आपल्याकडे जे आहे ते आपण नीट वाचले आहे का, हे काम आले.

८. मधल्या काळात हायडेगर

आपल्या भाषेतले शोधणारा हा माणूस दुसऱ्या भाषांना दार बंद करून बसला नव्हता. हुसर्ल, डिल्टाय, ड्यूई, हार्टमन, येगर असे कितीतरी लेखक त्यांनी स्पॅनिशमध्ये आणले. हायडेगरचा ‘अस्तित्व आणि काळ’ हा महाकठीण ग्रंथ त्यांनी वर्गात वर्षानुवर्षे ओळ न्‌ ओळ समजावून सांगितला आणि १९५१ मध्ये त्याचा पूर्ण अनुवाद प्रसिद्ध केला. इंग्रजी वाचकाला पूर्ण अनुवाद मिळायला १९६२ उजाडले. गाओस यांची त्यातली स्पॅनिश अवघड आहे, जर्मन शब्दरचनेच्या फार मागे जाणारी आहे, ही टीका तेव्हापासून होते आणि ती खरी आहे. १९९७ मध्ये चिलीच्या होर्हे एदुआर्दो रिव्हेरा यांनी अधिक सुबोध अनुवाद केला. तरी चार दशके सगळा स्पॅनिश भाषक प्रदेश हायडेगरशी गाओस यांच्याच शब्दांत वाद घालत होता.

९. मग हे सगळे तत्त्वज्ञान आहे का?

आक्षेप अर्थातच होते. भाषणे आणि अग्रलेख तत्त्वज्ञानात धरायचे, तर मग काय धरायचे नाही? हा आक्षेप वजनदार आहे, आणि गाओस यांच्या काही शिष्यांनी पुढे एकूण ‘मेक्सिकन माणसाच्या स्वभावा’विषयी जे ढोबळ लिहिले, ते वाचताना तो पटतोही.

दुसरा आक्षेप पेरूच्या आउगुस्तो सालासार बोन्दी यांनी १९६८ मध्ये घेतला. आमच्या अमेरिकेत खरे तत्त्वज्ञान झालेच नाही, आणि समाज परावलंबी आहे तोवर होणारही नाही. जे झाले ते उसने आहे, असे त्यांनी लिहिले. पुढच्याच वर्षी सेआ यांनी पुस्तक लिहून उत्तर दिले: तत्त्वज्ञान आपल्या अडचणीला भिडते तेव्हा ते अस्सल असते, त्याला वेगळे प्रमाणपत्र लागत नाही. लॅटिन अमेरिकेतला हा वाद अजून मिटलेला नाही.

गाओस यांनी १९५२ च्या आपल्या पुस्तकात यावर आधीच एक उपयुक्त भेद करून ठेवला होता. सगळी आयात सारखी नसते. कुणी जे येईल ते घेतो. कुणी गामार्रासारखा निवडून घेतो. कुणी बार्रेदांसारखा घेतो आणि त्यात स्वतःचे घालतो. इतिहासकाराचे काम आयात झाली का हे विचारण्याचे नाही, ती कुठल्या प्रकारची झाली हे दाखवण्याचे आहे. सालासार बोन्दींचे दुःख समजून घेऊनही म्हणावे लागते, की या प्रश्नावर गाओस यांची भूमिका अधिक सशक्त आहे. कारण तिच्यामुळे अभिलेखागारात जावे लागते, जुनी वर्तमानपत्रे उघडावी लागतात. परावलंबनाचा निकाल आधीच लावून टाकला तर तिथे जाण्याचे कारणच उरत नाही.

१०. शेवटची वर्षे

गाओस मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातही शिकवत. १९६६ मध्ये तिथे आंदोलन झाले आणि रेक्टर इग्नासिओ चावेस यांना बळजबरीने राजीनामा द्यायला लावले गेले. निषेध म्हणून गाओस यांनीही विद्यापीठ सोडले. वयाची पासष्टी उलटलेली, प्रकृती खालावलेली. ते कोलेहिओत परतले आणि शिकवत राहिले. मध्ययुगापासून आजपर्यंत माणसाची जगाविषयीची कल्पना कशी बदलली, यावरची त्यांची तिथली व्याख्याने मृत्यूनंतर १९७३ मध्ये पुस्तकरूपाने आली.

१० जून १९६९ रोजी कोलेहिओमध्ये एका विद्यार्थ्याची डॉक्टरेटची परीक्षा होती आणि गाओस परीक्षक मंडळात होते. परीक्षेचे कागद सही करून झाल्यावर तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे समग्र लेखन राष्ट्रीय विद्यापीठाने १९८२ पासून खंडशः प्रसिद्ध केले.

या विषयात शिरू पाहणाऱ्या वाचकाने मात्र सुरुवात गाओस यांच्यापासून करू नये; त्यांची वाक्ये लांब आणि वळणावळणाची आहेत. आधी मार्तींचा ‘आमची अमेरिका’ वाचावा. तो एका बैठकीत वाचून होतो आणि त्याचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. मग सार्मिएन्तो यांचे ‘फाकुंदो’ घ्यावे, मग रोदो, मग ओर्तेगा. प्रत्येक वेळी पुस्तक उघडण्याआधी ते कुठल्या वर्षी, कुठल्या शहरात आणि कुणाला उद्देशून लिहिले गेले एवढे पाहून घ्यावे.